स्ट्रॉबेरी : एका गुंठ्याचा हिशेब

स्ट्रॉबेरी म्हटली की आपल्याला महाबळेश्वर आठवते. इंग्रजी अमदानीत ती तिथे रुजली आणि २०१० साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. मग साक्रीच्या शेतकऱ्याने तिच्या वाटेला जावे काय? जावे, परंतु हिशेब मांडून जावे. सुरगाणा तालुक्यातील शेतकरी सापुताऱ्याच्या रस्त्यालगत ती पिकवतात आणि रस्त्याच्या कडेलाच विकतात. त्यांच्याकडून शिकण्याजोगे आहे ते हेच.

आधी जमीन पाहा. पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनीत या रोपाची मुळे कुजतात. पिंपळनेरच्या पश्चिमेला डोंगरउताराची हलकी, निचऱ्याची जमीन आहे, ती बरी. दिवस लहान आणि रात्री गार झाल्या की कळी धरते; म्हणून लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरात, उंच गादीवाफ्यांवर, फूटभर अंतराने करावी. रोपाचा गड्डा मातीत बुडाला तर कुजतो आणि फार वर राहिला तर सुकतो. तो जमिनीबरोबर ठेवावा. फळ मातीला टेकू नये म्हणून खाली प्लॅस्टिकचा कागद किंवा वाळलेले गवत अंथरावे. पाणी ठिबकने द्यावे.

आणखी एक गंमत ऐका. ज्याला आपण फळ म्हणतो तो फुलाचा फुगलेला देठ होय. त्यावरचे बारीक दाणे हीच खरी फळे! जेवढ्या दाण्यांना पराग मिळतो, तेवढाच गर भरतो. मधमाशी आली नाही तर फळ वेडेवाकडे होते. तेव्हा फुलोऱ्यात सकाळच्या वेळी औषध फवारू नका.

आता हिशेब. एका गुंठ्यात सुमारे ५०० रोपे बसतात. रोपामागे पाव किलो फळ धरले तर १२५ किलो झाले. आपल्याकडे मार्चात ऊन तापते, म्हणजे हंगाम डिसेंबरपासून शंभरेक दिवसांचा. सरासरी रोजचा सव्वा किलो माल, म्हणजे पाव किलोचे पाचच डबे! एवढे डबे गावात, शाळेच्या वाटेवर किंवा सुरत-नागपूर महामार्गावर सहज खपतील. दहा गुंठे लावले तर मात्र रोज पन्नास डबे. ते कोण घेणार, हे रोपे आणण्याआधी ठरवायला हवे, नाही का?

कारण हा कांदा नव्हे. भाव पडला म्हणून कांदा चाळीत थांबतो. स्ट्रॉबेरी थांबत नाही. ती तोडल्यावर पिकतही नाही. दूर पाठवायची तर अर्धीकच्ची तोडावी लागते, आणि गोडी तिथेच उणी होते. जवळ विकणाऱ्याला मात्र पूर्ण लाल झालेले फळ पहाटे तोडून त्याच दिवशी गिऱ्हाइकाच्या हाती देता येते. लहान शेतकऱ्याचे भांडवल हेच. म्हणून पहिल्या वर्षी एकच गुंठा लावा, रोजची विक्री वहीत टिपा, आणि दुसऱ्या गुंठ्याचा निर्णय त्या वहीवर सोपवा.