वेड रोडचा जंतू आणि चायनाग्रासची वडी

पोरांनो, सुरतेत कतारगामला लागूनच वेड रोड आहे, तापीच्या अंगाला वेड-डभोलीकडे जाणारा. या पट्ट्यात भावनगर-अमरेलीकडून आलेली माणसं हिऱ्यांना पैलू पाडायच्या घंटीवर बसतात, तर खानदेशातून, मराठवाड्यातून, पार ओडिशातून पोटामागं आलेली माणसं मागावर उभी राहतात. सगळी राबणारी, दाटीवाटीनं राहणारी. 1994 सालच्या सप्टेंबरात तापीला पूर येऊन गेला होता, गल्ल्यांत गाळ साचला होता आणि गणपती नुकतेच बोळवून झाले होते. तेवढ्यात वेड रोडच्या वस्त्यांमधून माणसं दवाखान्यात यायला लागली. सणसणून ताप, खोकला, थुंकीत रक्त, आणि सकाळी धडधाकट असलेला माणूस बघता बघता हाताबाहेर जायचा.

प्लेग, असं कुणीतरी म्हणालं, आणि मग काय विचारता! लाखो माणसं गाव सोडून निघाली. नंदुरबार, जळगाव, भुसावळच्या गाड्यांना मुंगी शिरायला जागा उरली नाही, आणि टेट्रासायक्लिन या जंतू मारणाऱ्या औषधाच्या गोळ्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या. पळणाऱ्यांना नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात, मला ते कधी पटलं नाही. आजीच्या तोंडून ज्यानं प्लेगाच्या गोष्टी ऐकल्या आहेत, गाव ओस टाकून रानात झोपड्या घालून राहिलेली माणसं ज्याच्या घराण्यात होऊन गेली आहेत, त्यानं त्या नावाला भ्यायचं नाही तर कशाला भ्यायचं? शिवाय महिनाभर आधीच बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगाचे रुग्ण सापडले होते. ही बातमी मराठी माणसांनी ऐकली होतीच.

पण आता खरी गंमत ऐका. माणसं पळाली, देशोदेशींनी हिंदुस्थानची विमानं अडवली, पन्नासच्या वर जीव गेले, आणि एवढं होऊनही जाणती डॉक्टर मंडळी आपसांत वाद घालत होती, की हा प्लेग आहे का? प्लेगात आधी उंदीर पडतात, इथं ते फारसे कुणी पाहिले नव्हते. एकापासून दुसऱ्याला जेवढा पसरायला हवा तेवढा तो पसरलाही नव्हता. कुणी म्हणे हा मेलिऑयडोसिस असेल, कुणी म्हणे हंटाव्हायरस. आणि जंतू वाढवून बघावा तर तो मोठा आळशी प्राणी. त्याला 28 अंशांची सुखाची ऊब लागते आणि डोळ्यांना दिसेल एवढी वस्ती करायला दोन-दोन दिवस लागतात. त्यात रुग्णानं येण्याआधीच टेट्रासायक्लिन घेतलेलं असलं, तर तो उगवतच नाही. दिल्लीत डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तिच्यापुढं हाच प्रश्न होता.

बरोबर शंभर वर्षं मागं, 1894 च्या जूनमध्ये, हाँगकाँगात असाच प्रसंग आला होता. अलेक्सांद्र येर्सिन नावाचा तरुण डॉक्टर तिथं पोचला, तर इस्पितळात त्याला कुणी थारा देईना, कारण जपानचे मोठे शास्त्रज्ञ कितासातो तिथं आधीच येऊन बसले होते. गड्यानं काय करावं? इस्पितळाच्या आवारात गवताची झोपडी बांधली, मढी पुरायला नेणाऱ्या खलाशांच्या हातावर चार पैसे ठेवले, जांघेतल्या गाठीतला पू काढला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. दिसले आखूड, गुबगुबीत दांडके, दोन्ही टोकं गडद आणि मध्ये फिकट. आज त्या जंतूचं नाव येर्सिनिया पेस्टिस. दोनच वर्षांत तो मुंबईत उतरला, आणि तिथं हाफकिन साहेबांनी लस बनवून 10 जानेवारी 1897 ला आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यांच्याच नावाची संस्था परळला आजही उभी आहे.

पण नुसतं दिसणं पुरत नाही, पोरांनो. गडद टोकांचे दांडके दुसरेही असतात. आणि या जंतूचा एक सख्खा भाऊबंद आहे, येर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस. पोट बिघडवण्यापलीकडे सहसा फार काही करत नाही, पण कुंडली जवळजवळ तीच. दोघांना वेगळं ओळखायचं तर जंतूला फोडून त्याच्या पोटातला धागाच बाहेर काढायला हवा.

तो धागा म्हणजे डीएनए. जंतू दीड-दोन मायक्रॉनचा, म्हणजे हजार जंतू ओळीनं मांडले तर दोन मिलिमीटर भरतील, आणि त्या एवढ्याशा जिवात वेटोळं करून बसलेला धागा सोडवून सरळ केला तर एकट्याचाच दीड मिलिमीटर! दोन पदरांतल्या घटकांच्या सुमारे 46 लाख जोड्यांचा तो गोफ. शिवाय तीन लहान कडी वेगळी, त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. त्यातलं सर्वांत छोटं, साडेनऊ हजार जोड्यांचं कडं फक्त प्लेगाच्या जंतूकडेच असतं, भाऊबंदाकडे नसतं. त्या कड्यावर 'पीएलए' नावाचं एक जनुक आहे. अंगात शिरल्यावर जंतूला पुढं वाट काढून देणारं ते जनुक. ते सापडलं, की चोर ओळखला.

डीएनए काढायची रीत मात्र साधी आहे हो. साबणासारख्या द्रावणानं जंतूची कातडी विरघळवायची, प्रथिनं बाजूला करायची, सेंट्रिफ्यूज नावाच्या यंत्रात नळी मिनिटाला हजारो फेऱ्यांनी गरगर फिरवून गाळ तळाला बसवायचा, आणि वरच्या निवळीत थंडगार अल्कोहोल सोडायचं. पांढरे तंतू वर येतात. तोच डीएनए.

पण रुग्णाच्या थुंकीत जंतू असणार किती? म्हणून त्या एका जनुकाच्या नकला काढतात, आणि इथं मला आवडणारी एक आडवाटेची गोष्ट सांगतो. आपल्याकडे उनाईला जशी गरम पाण्याची कुंडं आहेत, तशी अमेरिकेत यलोस्टोनला आहेत. तिथं 1966 साली थॉमस ब्रॉक नावाच्या प्राध्यापकाला सत्तर अंशांच्या पाण्यात सुखानं राहणारा जंतू सापडला. ब्रॉकना रोगराईशी काही देणंघेणं नव्हतं, एवढ्या कढत पाण्यात जगतं कोण हे बघायचं होतं, बस्स. पुढं 1983 मध्ये कॅरी मलिसना डीएनएच्या नकला काढायची युक्ती सुचली. धागा 95 अंशांना तापवून दोन पदर सुटे करायचे, निववायचं, मग 72 अंशांना प्रत्येक पदराला नवा जोडीदार विणून घ्यायचा, आणि पुन्हा तापवायचं. विणणारं प्रथिन एवढ्या तापात नासलं असतं, पण कुंडातल्या त्या जंतूचं प्रथिन तापाला दाद देत नाही. दर फेरीला दुप्पट. तीस फेऱ्यांत एकाच्या 107 कोटी नकला होतात, आणि वेळ लागतो दोन-तीन तास. मलिसना 1993 चं नोबेल मिळालं, सुरतेच्या साथीच्या आदल्याच वर्षी.

आता नकला झाल्या, पण नळीत दिसतं नुसतं पाणी. त्यात हवं ते आहे की भलतंच, हे कळावं कसं? इथं चायनाग्रास कामाला येतं. हो, तेच समुद्री शेवाळाचं, ज्याच्या दुधातल्या थरथरत्या वड्या तुम्ही खाल्ल्या असतील. 1881 च्या सुमारास जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत वाल्टर हेसे नावाचे डॉक्टर रडकुंडीला आले होते, कारण जंतू वाढवायचं जिलेटिन उन्हाळ्यात वितळून जाई. त्यांनी बायकोला, फॅनीबाईंना विचारलं, तुझ्या जेल्या उन्हात टिकतात त्या कशा? बाईंनी सांगितलं, अगर घालते. ही रीत त्यांना जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून कळली होती. एका सुगरणीच्या त्या उत्तरानं जंतुशास्त्राला पाया मिळाला, आणि पुस्तकांत तिचं नाव शोधावं लागतं, याची मला फार खंत वाटते. देशी शेवाळापासून अगर काढायच्या पद्धती आपल्या भावनगरच्या केंद्रीय संस्थेनं बसवल्या आहेत. कतारगामच्या कितीतरी घरांचं मूळ गाव तेच भावनगर.

त्या अगरमधला शुद्ध भाग म्हणजे ॲगरोज. तो खारट द्रावणात उकळून ताटलीत ओततात, एका कडेला फणी उभी करतात, आणि वडी थिजली की फणी उचलतात. दातांच्या जागी खाचा उरतात. खाचेत निळ्या रंगात मिसळलेला डीएनए सोडायचा, वडी द्रावणात बुडवायची आणि शंभरेक व्होल्टची वीज जोडायची. डीएनएवर ऋण भार असतो, तो धन टोकाकडे ओढला जातो. वाटेत ॲगरोजचं जाळं. हिऱ्याच्या कारखान्यात नंबरांच्या चाळण्यांतून बारीक माल खाली जातो आणि जाडा माल वर राहतो ना, तसंच इथं आखूड तुकडे जाळ्यातून सरसर पुढं निघतात आणि लांब तुकडे अडखळत मागं राहतात. तासाभरानं वडी एका रंगात भिजवून जंबुपार दिव्यावर ठेवली, की अंधारात नारिंगी पट्टे झळकतात. शेजारच्या खाचेत मापाचे तुकडे सोडलेले असतात, त्यांच्याशी ताडून लांबी कळते. पीएलए जनुकासाठीच्या एका रूढ चाचणीत पट्टा 478 जोड्यांपाशी उमटायला हवा. उमटला तर प्लेग. हा पट्टा घाबरत नाही, गर्दीबरोबर पळत नाही, आणि समितीतला कोण मोठा कोण धाकटा हेही त्याला ठाऊक नसतं.

सुरतेच्या आणि बीडच्या जंतूंचा असाच निवाडा झाला. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी 1996 मध्ये, आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या संशोधकांनी 2000 मध्ये, डीएनए तपासून छापील पुरावा दिला, की तो येर्सिनिया पेस्टिसच होता. हैदराबादकरांनी तर सगळ्या धाग्याच्या पट्ट्यांचा ठसा काढून ताडून पाहिला. पळणारी माणसं खुळी नव्हती, हे शास्त्रानं सांगितलं खरं, पण तोवर ती कधीच परत येऊन घंटीवर आणि मागावर बसली होती. मधल्या काळात, 1995 पासून, एस. आर. राव या आयुक्तांनी गाळ आणि कचरा उपसून शहराचं रूपच पालटलं.

पुढं फेब्रुवारी 2002 मध्ये हिमाचलात, शिमला जिल्ह्यातल्या हाटकोटीला, पुन्हा रक्ताच्या थुंकीची साथ आली. या वेळी नकला काढायची यंत्रं हाताशी होती, त्याच महिन्यात जंतूचं नाव पक्कं झालं, आणि साथ 16 माणसांवर थांबली. त्यातली 4 दगावली.

वडीची ही करामत तुम्हाला घरी बघता येते, फक्त मोठं माणूस सोबत घ्या. चायनाग्रास खायच्या सोड्याच्या पातळ पाण्यात उकळून थिजवा, खाचेत मिठाईचा हिरवा रंग सोडा आणि नऊ व्होल्टच्या चार-पाच बॅटऱ्या एकापुढं एक जोडून दोन टोकांना तारा लावा. घाई करू नका. बाजारातला हिरवा बहुतेक वेळा निळ्या आणि पिवळ्याचं मिश्रण असतो, आणि ते दोघे आपापल्या चालीनं धन टोकाकडे निघतात. जमलं, तर शाळेतल्या बाईंनाही करून दाखवा.