पट्टी दाबली, आवाज कुठाय?

मिडी कीबोर्ड संगणकाला जोडला, पट्टी दाबली, ट्रॅकवरचा हिरवा दिवा लुकलुकला. स्पीकर मात्र ढिम्म! अशा वेळी एक ध्यानात घ्या : मिडीच्या केबलमधून आवाज जातच नाही. १९८३ साली आलेल्या या पद्धतीत जातो तो फक्त निरोप. कोणती पट्टी, किती जोरात, एवढंच. पियानोवरचा मधला 'सी' म्हणजे तिच्या लेखी ६० हा आकडा. आवाज काढतं ते संगणकातलं वाद्य. म्हणजे दिवा लागतोय तर केबल ठीक आहे; ट्रॅकवर वाद्य लावलंय का आणि आउटपुटला योग्य ऑडिओ इंटरफेस निवडलाय का, ते पाहा.

आवाज येतोय, पण उशिरा? मग बफर तपासा. सेकंदाला ४४,१०० नमुने असताना १०२४ नमुन्यांचा बफर सुमारे २३ मिलिसेकंद खातो. १२८ चा जेमतेम ३. पण बफर फारच लहान केला, तर संगणकाची दमछाक होते आणि आवाजात चटचट सुरू होते. त्यामुळे वाजवताना बफर लहान ठेवा, मिक्सिंगच्या वेळी वाढवा.

आणि एका वेळी एकच सेटिंग बदला. नाहीतर दोष नेमका कशाने गेला, ते कळणार नाही.