अणुबॉम्बची धूळ आणि हरवलेली माती

आधी एक गणित. एक हेक्टर, म्हणजे साधारण अडीच एकर शेत. त्यावरून मातीचा फक्त एक मिलिमीटर जाडीचा थर वाहून गेला, तर किती माती गेली? जवळजवळ १३ टन! आणि भारतात दर हेक्टरी वर्षाला सरासरी १६ टनांहून जास्त माती जागची हलते, असा अंदाज १९८३ मध्येच काढला गेला होता.

गंमत म्हणजे, शेतकऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. ओघळ पडली तर निदान डोळ्यांना दिसते. पण सगळ्या वावरावरून हळूहळू खरवडली गेलेली माती? वाफसा आला, कुळवाची पाळी दिली, की शेत पुन्हा होतं तसंच! मग माती नेमकी कुठून गेली, हे शोधायचं कसं?

शास्त्रज्ञ यासाठी कशाची मदत घेतात, ठाऊक आहे? अणुबॉम्बच्या धुळीची!

१९५० नंतर बड्या देशांनी उघड्या हवेत बॉम्बच्या चाचण्यांचा सपाटा लावला होता. (शहाणपणाचं काम नव्हतंच ते!) त्या स्फोटांतून सीझियम-१३७ नावाचा किरणोत्सारी पदार्थ उंच उडाला, वाऱ्याबरोबर पृथ्वीभर फिरला आणि पावसाबरोबर खाली आला. १९६३ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत रशियाने अशा चाचण्या थांबवण्याचा करार केला. पण तोवर डोंगर, गायरानं, शेतं, सगळीकडे त्याचा अगदी विरळ शिडकावा झाला होता.

या सीझियमला एक खोड आहे. चिकणमातीच्या कणाला एकदा चिकटलं की ते सहजी सुटत नाही. मग ते पाण्यात फारसं विरघळत नाही, पिकंही ते फार उचलत नाहीत. माती जाईल तिकडे तेही जातं.

मग काय करायचं? शेताजवळची, कधीच न नांगरलेली, सपाट गवताळ जागा गाठायची आणि तिथे सीझियम किती आहे ते मोजायचं. नंतर शेतात चौकटी आखून प्रत्येक चौकटीतला नमुना घ्यायचा. गवताळ जागेपेक्षा कमी भरलं, तर तिथली माती गेली. जास्त भरलं, तर दुसरीकडची माती तिथे येऊन साचली. मोजणारं जर्मेनियमचं यंत्र उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनने गार ठेवतात आणि नमुन्याची एकेक डबी त्याच्यासमोर कित्येक तास, कधी अख्खा दिवस ठेवावी लागते. उतावळ्यांनी या वाटेला जाऊच नये!

या मोजमापांवरून शेतांचे नकाशे रंगवल्यावर एक कोडं पडलं. टेकाडाच्या माथ्यावर पाण्याला जोर नसतो. ते खाली उतरताना जोर धरतं. तरी सीझियम माथ्यावरच कमी! माती नेणारा निघाला चक्क नांगर. उतारावर नांगरताना दर वेळी माती वर सरकते त्यापेक्षा खाली जास्त सरकते.

त्याच नमुन्यांत स्फुरद आणि सेंद्रिय कर्बही तपासतात. वाहतं पाणी बारीक, हलके कण आधी उचलतं आणि स्फुरद बहुतेक त्यांनाच चिकटलेलं असतं. त्यामुळे वाहून गेलेला गाळ मागे उरलेल्या मातीपेक्षा सकस असतो! उतारावर टाकलेलं खत असं ओढ्याला जाऊन मिळतं. नत्र मात्र बेरकी. त्यातलं बरंचसं पाण्यात विरघळून निसटतं, तेव्हा त्याचा माग सीझियमला लागत नाही.

अख्ख्या राज्याचा नकाशा करायचा तर एवढे नमुने कोण मोजणार? तिथे पाऊस, मातीचा प्रकार, उतार, पीक आणि बांधबंदिस्ती यांची सांगड घालून हिशेब मांडतात. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेने असे नकाशे केले आहेत.

सीझियम दर ३० वर्षांनी निम्मं होतं, म्हणजे १९६३ पर्यंत पडलेल्यातलं आता जेमतेम पाव उरलंय. शिवाय ते कित्येक वर्षांची गोळाबेरीज सांगतं, एका पावसाची नाही. त्यासाठी आहे बेरिलियम-७. ते बॉम्बमधून येत नाही. अवकाशातून येणारे किरण हवेवर आदळतात आणि ते सतत नव्याने तयार होतं. ५३ दिवसांत ते निम्मं होतं, म्हणून परवाच्या धो-धो पावसाने किती माती नेली, ते त्यालाच विचारायचं!