मागे न घेता येणारा आशीर्वाद

आचऱ्याच्या रामेश्वरासमोरचं गाऱ्हाणं ज्याने ऐकलं आहे, त्याला बोललेल्या शब्दाचं वजन वेगळं सांगावं लागत नाही. जाणता माणूस मोठ्याने बोलतो, जमलेले 'होय म्हाराजा' म्हणतात आणि शब्द देवाच्या दरबारी रुजू होतो. हिब्रू धर्मग्रंथांतल्या पित्याच्या आशीर्वादाकडे याच नजरेने पाहायला हवं. तो नुसती सदिच्छा नव्हे. पिता त्यातून घराण्याचं भवितव्य एका मुलाच्या हवाली करतो.

उत्पत्ती या ग्रंथाच्या २७व्या अध्यायात म्हातारा इसहाक आंधळा झाला आहे. थोरल्या एसावाला तो शिकारीचं रुचकर जेवण करून आणायला सांगतो. जेवून मग आशीर्वाद देणार. आई रिबका हिचा ओढा धाकट्या याकोबाकडे. ती त्याच्या हातांवर आणि मानेवर करडांची कातडी चढवते, कारण एसाव अंगाने केसाळ आहे. इसहाकाला आवाज याकोबाचा वाटतो, पण हात एसावाचे लागतात. तो आशीर्वाद देऊन टाकतो. फसवणूक उघडी पडल्यावर तो थरथर कापतो, तरी दिलेला शब्द परत घेत नाही. घेताच येत नाही. एसावाने ज्येष्ठत्वाचा हक्क आधीच मसुराच्या कालवणासाठी विकला होता, त्याचं त्याला फारसं काही वाटलं नव्हतं. आशीर्वाद गेला तेव्हा मात्र तो हंबरडा फोडतो. माझ्या मते साऱ्या उत्पत्तीत इतका कासावीस करणारा दुसरा प्रसंग नाही.

याच गोष्टीचा दुसरा भाग ४८व्या अध्यायात आहे, आणि तो फार कमी लोक लक्षात ठेवतात. आता याकोब स्वतः म्हातारा, त्याचीही दृष्टी मंदावलेली. त्याचा मुलगा योसेफ आपले दोन मुलगे त्याच्यापुढे आणतो: थोरला मनश्शे उजव्या हाताशी, धाकटा एफ्राईम डाव्या हाताशी. याकोब हातांची अढी घालतो आणि उजवा हात धाकट्याच्या डोक्यावर ठेवतो. योसेफ हात सरळ करू पाहतो. आजोबा ठाम नकार देतात. आंधळ्या बापाला फसवून मिळवलेला आशीर्वाद ज्याच्या पदरी होता, तोच आता स्वतः धाकट्याला पुढे करतो, पण उघडपणे, पूर्ण जाणून. आणि या दोन भावांत पुढे वैर झाल्याची नोंद ग्रंथात नाही. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सुरू होताना ज्यू घरांत मुलांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांना एफ्राईम व मनश्शे यांच्यासारखं होण्याचा आशीर्वाद देतात. मुलींसाठी सारा, रिबका, राहेल आणि लेआ यांची नावं घेतात.

त्यापुढे गणना ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातला याजकांचा आशीर्वाद येतो. मूळ हिब्रूत त्याच्या तीन ओळी आहेत; त्यांत अनुक्रमे ३, ५ आणि ७ शब्द, तर १५, २० आणि २५ अक्षरं. आशीर्वाद ओळीओळीने वाढत जातो. १९७९ मध्ये पुरातत्त्वज्ञ गॅब्रिएल बारके यांना जेरुसलेमच्या केतेफ हिन्नोम इथल्या दफनगुहेत चांदीच्या पत्र्याच्या दोन इवल्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांवर याच आशीर्वादाचे शब्द कोरलेले होते. सुमारे २६०० वर्षांपूर्वीच्या या गुंडाळ्यांवर बायबलमधल्या मजकुराचा आजवर सापडलेला सर्वांत जुना अंश आहे. माणसांनी तो ताईतासारखा अंगावर वागवला असावा, असं अभ्यासक मानतात.

आपल्या कोकणात ही परंपरा मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल या ज्यू समाजाने जपली. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची पूर्वापार कथा. घाणा चालवणारे हे लोक शब्बाथला, म्हणजे शनिवारी, घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. पेणकर, रोहेकर, केहिमकर, दिवेकर ही त्यांची आडनावं. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकिएल, यांनी १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. या समाजात 'हातबोशी'ची रीत आहे: प्रार्थनेनंतर एकमेकांच्या हातांना हात लावायचे आणि आपली बोटं ओठांशी न्यायची.

अलिबागला जाल तेव्हा समुद्र आणि कुलाबा किल्ला पाहून परतू नका. इस्रायल आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉगही आवर्जून पाहा.