संख्याशास्त्रज्ञांनी उकरलेला डायनासोर

कोलकात्यातली भारतीय सांख्यिकी संस्था नमुना-पाहणी, संभाव्यता आणि आकडेवारीच्या गणितासाठी जगात ओळखली जाते. या संस्थेच्या भूशास्त्र संग्रहालयात सुमारे चौदा मीटर लांबीचा एक डायनासोर उभा आहे, बारापासॉरस टागोराय. त्याची हाडं सिरोंचा तालुक्यातल्या पोचमपल्ली परिसरातली. तेव्हा तो भाग चांदा जिल्ह्यात होता, आज गडचिरोलीत आहे. प्राणहिता ओलांडली की पलीकडे जुना आदिलाबाद जिल्हा. तिथल्या मालेरी, येरापल्ली, धर्मारम या गावांच्या शिवारांतून याच संस्थेने बारापासॉरसच्याही आधीच्या प्राण्यांचे सांगाडे बाहेर काढले. आकडेमोड करणाऱ्यांचं नदीकाठच्या या रानात काय काम होतं?

उत्तर संस्थेच्या संस्थापकाजवळ आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस मूळचे भौतिकशास्त्राचे. केंब्रिजमध्ये शिकत असताना त्यांची रामानुजन यांच्याशी मैत्री होती. 1931 साली त्यांनी ही संस्था स्थापन केली. बंगालच्या तागाच्या पिकाचा अंदाज, पूर आणि पावसाच्या नोंदी, पुढे दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा असं सगळं त्यांच्या हातून गेलं. संख्याशास्त्र ही एका विषयाची मालमत्ता नव्हे, जिथे मोजमाप आहे तिथे ते हवं, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या नावाने ओळखलं जाणारं ‘महालनोबिस अंतर’ हे सूत्रही माणसांच्या शरीरमापांतूनच निघालं. दोन मानवसमूह एकमेकांपासून किती वेगळे, हे अनेक मापं एकत्र धरून कसं सांगायचं, हा तो प्रश्न. 1946 साली संस्थेचे तरुण गणिती सी. आर. राव केंब्रिजला गेले ते सुदानमधल्या जेबेल मोया इथे सापडलेल्या मानवी सांगाड्यांच्या मापांचा हिशेब करायला. म्हणजे हाडं या संस्थेला नवी नव्हती.

1957 साली महालनोबिसांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या जीवाश्मतज्ज्ञ पामेला रॉबिन्सन यांना बोलावलं आणि संस्थेत भूशास्त्र विभाग सुरू झाला. त्याच वर्षी त्याच कॉलेजातले जे. बी. एस. हाल्डेन हे जनुकशास्त्रज्ञही संस्थेत दाखल झाले. भारतातले बरेच जीवाश्म तोवर तुकड्यांच्या रूपात परदेशी संग्रहालयांत पोचले होते. पूर्ण सांगाडे शोधायचे, ते इथेच साफ करायचे, इथेच अभ्यासायचे आणि इथली मुलं त्यात तयार करायची, असा रॉबिन्सनबाईंचा बेत होता. सोहनलाल जैन, टी. एस. कुट्टी, तपन रायचौधरी, शंकर चटर्जी ही नावं त्यातूनच पुढे आली.

त्यांनी प्राणहिता-गोदावरीचं खोरं निवडलं, त्यामागे आधीच्या शतकाची पुण्याई होती. नागपूरला 1845 पासून राहिलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना दगड गोळा करण्याचा नाद होता. आज हिस्लॉप कॉलेजमुळे त्यांचं नाव नागपूरकरांच्या तोंडी आहे. पण विदर्भ आणि या खोऱ्यातले जीवाश्म जगापुढे आणणाऱ्यांतही ते अग्रभागी होते. हाच माणूस गोंडांची भाषा आणि परंपरागत गाणी टिपून ठेवत होता. 1863 साली ओढ्याच्या पुरात त्यांचा मृत्यू झाला आणि तीन वर्षांनी त्यांची गोंडांविषयीची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी छापली. मालेरीच्या थरांतल्या एका मगरीसारख्या प्राण्याला 1885 साली लिडेकर यांनी पॅरासुकस हिस्लोपाय असं नाव दिलं. त्याच्या चार वर्षं आधी विल्यम किंग यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी अख्ख्या खोऱ्याचा अहवाल लिहून ठेवला होता.

हे खोरं जीवाश्मांना मानवलं त्याला कारण आहे. कोट्यवधी वर्षं इथली जमीन हळूहळू खचत राहिली आणि नद्या तीत गाळ भरत राहिल्या. तळाशी दलदलीतल्या झाडांचा कोळसा झाला. बेल्लमपल्ली, मंदमर्रीच्या सिंगरेणी खाणी त्याच थरावर चालल्या. त्याच्या वर येरापल्लीचे थर, मग मालेरीची लाल चिकणमाती, वर धर्मारमचे थर आणि त्यावर कोटा थर. कोटा हे सिरोंचा तालुक्यातलं प्राणहितेकाठचं गाव. तिथल्या चुनखडीतले मासे 1850 च्या सुमारासच लंडनला पोचले होते. गावांची ही नावं आज जगभरच्या भूशास्त्राच्या ग्रंथांत कालखंडाच्या खुणा म्हणून वापरली जातात.

मालेरीची माती ट्रायासिक काळाच्या उत्तरार्धातली, ढोबळमानाने 22 कोटी वर्षांपूर्वीची. तिच्यात चोचीसारख्या जबड्याचा, झाडपाला खाणारा हायपरोडॅपेडॉन मिळाला. त्याचे सख्खे भाऊबंद स्कॉटलंड, टांझानिया आणि ब्राझीलमध्येही सापडतात. जमिनीवर चालणारा असा प्राणी समुद्र पोहून इतक्या ठिकाणी जाणार नाही. खंड तेव्हा एकत्र होते, या मताला मालेरीच्या शिवाराने असा भक्कम आधार दिला. इथेच पॅरासुकसचे दोन जवळजवळ पूर्ण सांगाडे मिळाले आणि त्यांच्या पोटाच्या जागी आणखी एका सरपटणाऱ्या प्राण्याची हाडं होती. चटर्जी यांनी 1980 साली त्या भक्ष्याला मालेरीसॉरस रॉबिन्सोनाय हे नाव दिलं. शिकारी आणि शिकार दोघंही एकाच वेळी अभ्यासाला मिळाले, असं क्वचितच घडतं.

नदीच्या अलीकडे सिरोंच्याकडची कोटा थरातली मोठी हाडं 1958 पासून दिसू लागली होती. बारापासॉरसचं मुख्य उत्खनन रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 1961 मध्ये झालं. महालनोबिस हे टागोरांच्या निकटचे, विश्वभारतीच्या कारभारात वर्षानुवर्षं वावरलेले. प्राण्याला टागोरांचं नाव मिळालं ते असं. नावाचा पहिला भाग मोठ्या पायावरून आला. मांडीचं एकच हाड सुमारे 1.7 मीटर, म्हणजे माणसाच्या उंचीएवढं होतं.

असं हाड नुसतं उचलता येत नाही. वरून धड दिसलं तरी आतून ते तडकलेलं असतं. आधी छिन्नी आणि ब्रशने भोवतालचा दगड मोकळा करायचा, मग ओला कागद, त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. मोडलेल्या हाताला डॉक्टर प्लास्टर घालतात तसंच हे काम. ते वाळलं की खालून सुटं करून उलटायचं आणि दुसरी बाजूही बांधायची. प्रयोगशाळेत हे वेष्टण उघडल्यावर खरं साफसफाईचं काम सुरू होतं आणि ते वर्षानुवर्षं चालतं. पोचमपल्लीची सुमारे 300 हाडं निदान सहा प्राण्यांची होती आणि दगड झालेल्या मोठाल्या खोडांमध्ये मिसळलेली होती. पुराच्या लोंढ्याने प्राणी आणि झाडं एकत्र आणून टाकली असावीत, असा निष्कर्ष निघाला. दात मिळाले, कवटी मात्र नाही. अशा लांब मानेच्या डायनासोरांची कवटी लहान आणि मानेशी सैल जोडलेली असते, ती आधीच निखळून जाते. 1961 च्या उत्खननाचा शास्त्रीय वृत्तांत छापून आला तो 1975 साली.

दरम्यान भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानेही खोऱ्यात आपलं काम चालू ठेवलं होतं. तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या यामनपल्लीजवळ त्यांना कोटा थरातच दुसरा, साधारण नऊ मीटरचा डायनासोर मिळाला. निदान बारा प्राण्यांचे 840 अवशेष तिथे होते. पी. यादगिरी यांनी 1988 साली त्याचं कोटासॉरस यामनपल्लीएन्सिस असं नामकरण केलं. त्याचा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात आहे. चाळणीने माती धुवून याच थरांतून उंदराएवढ्या आद्य सस्तन प्राण्यांचे दातही शोधले गेले. त्यांतल्या एकाचं नाव आहे कोटाथेरियम हाल्डेनाय.

नावांच्या या यादीत शास्त्रज्ञांपलीकडची माणसंही आहेत. धर्मारमच्या थरांतल्या दोन डायनासोरांना 2007 साली नावं मिळाली. एक लॅम्पलॉसॉरा, पामेला लॅम्पलॉ रॉबिन्सन यांच्या स्मरणार्थ. दुसरा प्रधानिया, संस्थेसाठी रानोमाळ फिरून जीवाश्म हुडकणाऱ्या धुइया प्रधान यांच्या सन्मानार्थ. 2025 साली मालेरीरॅप्टर कुट्टीआय या मांसाहारी डायनासोराचं वर्णन आलं. ती हाडंही काही दशकांपूर्वी गोळा करून ठेवलेलीच होती.

गणिताच्या संस्थेत हाडांचा विभाग असणं आज प्रशासकीय गोंधळ वाटेल. विषयांच्या चौकटी पक्क्या झाल्या आहेत, अनुदानाचे अर्जही त्या चौकटींतच भरावे लागतात. पण खोऱ्यातल्या कामाला भूशास्त्र, प्राणिशास्त्र, मोजमाप आणि लांबच्या खंडांशी तुलना हे सगळं एकाच छताखाली लागत होतं. महालनोबिसांनी ते छत दिलं आणि पुढे पन्नास वर्षं त्याचं फळ मिळत राहिलं. माझ्या मते त्यांच्या कामगिरीत पंचवार्षिक योजनेच्या शेजारी प्राणहितेचं हे खोरंही मोजायला हवं.

सांगाडे कोलकात्याला आणि हैदराबादला गेले, जमीन इथेच आहे. 2016 साली जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले, पण थर जिल्ह्याची हद्द पाळत नाहीत. सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे. शाळांच्या सहली ताडोब्यापर्यंत जातात, त्या तिथवर न्याव्यात. आणि नांगरताना, विहीर खणताना किंवा ओढ्याच्या काठी हाडाच्या आकाराचा जड दगड दिसला, तर तो उचलून घरी आणू नका, विकू नका. तो कुठल्या थरात पडला होता हे कळलं तरच त्याला किंमत आहे. जागेवरच फोटो काढा आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या भूगर्भशास्त्र विभागाला कळवा.