गोल बाजारातला चुना

रायपूरच्या गोल बाजारात काय मिळतं हे विचारू नये, काय मिळत नाही ते विचारावं, म्हणजे यादी लवकर आटोपते. लग्नाची बाशिंगं, सुपं-टोपल्या, हळकुंडं, पूजेचं सामान, वैदूंच्या मुळ्या, आणि त्या सगळ्या रेटारेटीत कुठंतरी जमिनीवर पसरा मांडून बसलेली एखादी म्हातारी, जिच्यापुढं पानं, सुपारी, तंबाखू आणि ओल्या चुन्याचा एक गोळा असतो. आपण थांबलो की मान वर न करता ती विचारते, ‘का लेहू, बबा?’ आणि बोटभर चुना पानात बांधून हातावर ठेवते. आमच्या तात्यापाऱ्यातली जुनी मराठी माणसं, ज्यांचे खापरपणजोबा भोसल्यांच्या चाकरीत नागपुराहून इकडं आले आणि इथलेच होऊन बसले, त्यांच्या कमरेला अशा चुन्याची डबी असायचीच. आळीतले एक काका होते, त्यांच्याकडं पैसे उसने मागितले तर हसत काढून द्यायचे, पण चुन्याची डबी मागितली की कपाळाला आठ्या.

तर पोरांनो, गोष्ट त्या डबीतल्या चुन्याची आहे, आणि ती लांबची आहे, तेव्हा नीट मांडी घालून बसा.

रायपूर वरून बघाल तर लाल मुरमाचं, कुठं काळ्या कन्हार मातीचं. पण विहीर खणायला घ्या, मुरूम संपला की पहारीचा आवाज बदलतो आणि खाली लागतो चुनखडीचा दगड. कुठं करडा, कुठं जांभळट, कुठं फरशा निघतील असा पदरापदराचा. इकडं जामुलपासून तिकडं बलौदाबाजारपर्यंत सिमेंटचे कारखाने का दाटलेत, तर याच दगडापायी. खात्री करायची असेल तर एक खडा घ्या, पाण्यानं धुवा आणि त्यावर अर्धं लिंबू पिळा. बारीक बारीक बुडबुडे उठतात, कान जवळ नेला तर चुरचुर ऐकू येते. दगडात कोंडलेला वायू बाहेर पडतो तो, तोच आपण श्वासातून सोडतो तो कार्बन डायऑक्साइड.

भट्टीत नऊशे अंशांच्या आसपास तापवला की हा दगड तो सगळा वायू सोडून देतो. शंभर किलो चोख चुनखडी भाजली तर हाती छप्पन किलो कळीचा चुना येतो, उरलेले चव्वेचाळीस किलो धुराड्यातून हवेत. कळीवर पाणी टाकलं की ती उकळते, फुटते, विरघळून लोणी होते, आणि तेच लोणी गोल बाजारात पानावर येतं. पण गंमत पुढंच आहे. डबी उघडी राहिली की चुन्यावर कडक पापुद्रा धरतो ना, ज्याला नखानं खरवडून लोक शिव्या देतात? तो पापुद्रा म्हणजे पुन्हा चुनखडी. चुना हवेतला वायू परत ओढून घेतो आणि मुकाट्यानं दगड व्हायला लागतो. भट्टीत घातलेली सगळी मेहनत तो हळूहळू मोडीत काढतो.

आता हा दगड आला कुठून? पुस्तकात वाचलंय तुम्ही, शंखशिंपल्यांचा चुरा समुद्रतळाशी साठतो आणि त्याची चुनखडी होते. खरं आहे, पण इथं लागू नाही, कारण रायपूरच्या खालचा हा दगड साचला तेव्हा पृथ्वीवर शंख नव्हता, शिंपला नव्हता, मासा तर लांबच. शंभर कोटी वर्षांहून जुना आहे तो. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ आपण केवढा पुरातन म्हणून मिरवतो, तो लाव्हा ओतला गेला साडेसहा कोटी वर्षांमागं. म्हणजे रायपूरच्या दगडापुढं सह्याद्री कालचं पोर. त्या काळी या भागात उथळ समुद्र होता, गुडघा-कमरेएवढ्या कोमट पाण्याचे लांबच लांब किनारे होते, आणि त्यात राहत होते डोळ्यांना न दिसणारे हिरवट-निळे जिवाणू. दुधावर साय धरावी तसा त्यांचा चिकट थर तळावर पसरायचा. गाळ येऊन बसला, पाण्यातला चुना तिथंच निवळला, की थर बुजायचा, आणि बुजला की हे जीव उजेडासाठी वर सरकून नवा थर धरायचे. असे थरावर थर चढून खांब उभे राहिले, घुमट उभे राहिले. त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. रायपूर-दुर्गकडच्या खाणीत कापलेल्या दगडावर पाणी मारून बघा, एकात एक बसवलेल्या कमानींच्या बारीक रेषा उमटतात, एकेक रेघ म्हणजे एकेक बुजलेला थर. भूशास्त्राचे लोक या खडकाला चंडी चुनखडी म्हणतात आणि तो बघायला लांबून येतात. आपण तो सिमेंटमध्ये दळतो.

याच जिवांच्या पूर्वजांनी आधीच्या कोट्यवधी वर्षांत हवेत प्राणवायू सोडला, नाहीतर आपण कुठं बसलो असतो गोष्टी ऐकत! आणि ते संपले असं समजू नका. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर शार्क बे म्हणून खाडी आहे, तिथं 1950 च्या दशकात अभ्यासकांना जिवंत स्ट्रोमॅटोलाइट सापडले, वर्षाला मिलिमीटरभरही न वाढणारे. इतरत्र गोगलगायी असले थर चरून फस्त करतात. या खाडीचं पाणी समुद्राच्या दुप्पट खारट, तिथं गोगलगायींचं काही चालत नाही, म्हणून ते वाचले.

बरं, दगड झाला, समुद्र गेला, जमीन वर आली. मग त्या दगडाच्या मागं लागला पाऊस. पावसाचं पाणी हवेतून येताना थोडा आणि मातीतून झिरपताना बराच कार्बन डायऑक्साइड पोटात घेतं आणि किंचित आंबट होतं. इतकं किंचित की जिभेला कळायचं नाही, पण चुनखडीला कळतं. चिरेत शिरलेलं पाणी चीर रुंदावतं, फट होते, फटीची नळी होते, नळीची पोकळी होते. म्हणून तर रायपुरात बोअर मारणं म्हणजे जुगार: शेजाऱ्याच्या बोअरला पाणी धो धो, आणि दहा पावलांवर आपल्या बोअरमधून नुसती पांढरी भुकटी, कारण त्याची नळी पोकळीला लागली, आपली अखंड दगडात गेली. आणि पाणी लागलं तरी ते असतं जड. पातेल्याला पांढरी पुटं चढतात, तूरडाळ शिट्टीवर शिट्टी देऊन शिजत नाही, सून कुकरला बोल लावते आणि कुकरवाला गॅसला. पातेल्यातलं ते पुट कुणाचं, ते आता तुम्हाला कळलंच असेल.

जिथं दगड जाड, पाऊस दांडगा आणि वेळ भरपूर, तिथं पाण्यानं नुसत्या नळ्या कोरल्या नाहीत, घरं कोरली. त्यासाठी रायपुराहून तीनशे किलोमीटर खाली बस्तरात जावं लागतं, जगदलपूरच्या पुढं कांगेर खोऱ्यात. तिथं जमिनीखाली गुहाच गुहा आहेत. सगळ्यांत नावाजलेली कोटुमसर. आसपासच्या आदिवासींना ती ठाऊक होतीच. भूगोलाचे प्राध्यापक शंकर तिवारी यांनी 1950 च्या दशकात आत शिरून तिचा अभ्यास केला. पावसाळ्यात ती पाण्यानं भरते, म्हणून तेव्हा बंद असते. आत उजेडाचा कण नाही. तिथं लांब मिशांचा एक रातकिडा राहतो, त्याचं शास्त्रीय नाव केंपिओला शंकरी, आणि डबक्यांत बोटभर लांबीचा, फिकट, डोळे मिटत चाललेला एक मासा राहतो.

हा मासा म्हणजे अजब प्रकरण. त्याच्या जातीचं पहिलं वर्णन फ्रान्सिस डे या इंग्रज डॉक्टरानं 1872 साली केलं, आणि ते कुठल्या माशांवरून, तर पुण्याच्या! इव्हेझार्ड नावाच्या कर्नलवरून त्याचं नाव इव्हेझार्डी ठेवलं. पुण्याच्या ओढ्यांत दगडांखाली दडून राहणारा हा डोळस मासा, त्याचे भाऊबंद कधीकाळी बस्तरात पुराबरोबर गुहेत गेले आणि तिथंच राहिले. पिढ्यानपिढ्या अंधारात राहून काहींचे डोळे बारीक झाले, अंगाचा रंग उडाला. आता प्रश्न असा की जिथं दिवस नाही, रात्र नाही, तिथं माशाला वेळ कळते का? रायपूरच्या रविशंकर विद्यापीठातल्या प्रधान, पती आणि अगरवाल या अभ्यासकांनी हे तपासलं. उजेड दाखवला की हे मासे पळतात. त्या पळण्याला दिवसाची लय होती, आणि खाणं देण्याची वेळ बदलली की लयही बदलायची. 1989 साली त्यांनी हे छापलं. म्हणजे सूर्य दिसत नसला तरी जेवणाची वेळ पोटाला पाठ. आमच्या तात्यापाऱ्यात असे बरेच आहेत.

पण मला तुम्हाला खरं सांगायचंय ते माशाचं नव्हे, गुहेच्या छतावरून पडणाऱ्या थेंबाचं. वरून झिरपलेलं पाणी चुना पोटात घेऊन छताशी येतं आणि तिथं त्याला गुहेची मोकळी हवा मिळते. हवा मिळाली की पाण्यातला वायू निसटतो, वायू निसटला की चुना पाण्यात तग धरू शकत नाही, आणि केसाच्या जाडीहून पातळ थर छताला चिकटतो, दुसरा खाली जमिनीवर. छतावरून खाली लोंबणारे आणि जमिनीवरून वर चढणारे खांब होतात ते असे, आणि गावातल्या पातेल्याचं पुटही असंच.

आता डोकेबाज माणसांनी काय केलं बघा. पाण्यात ऑक्सिजन असतो, आणि त्यातले काही अणू इतरांपेक्षा जड असतात, पाचशेत एखादा. ढगातून पाऊस पडताना जड पाणी आधी गळतं. मान्सून जोरकस असला, ढगांनी वाटेत धो धो बरसून टाकलं, की पाऊस हलका होत जातो. मान्सून मेलेला असला की जड. तो पाऊस झिरपून गुहेत थेंब झाला, थेंबाचा दगड झाला, की ते हलकं-जड तसंच दगडात कोंडलं जातं. आणि थर किती वर्षांमागचा, हे सांगायला युरेनियम. युरेनियम पाण्यात विरघळतं, थोरियम जवळजवळ नाही. त्यामुळं ताज्या थरात युरेनियम असतं आणि थोरियम नसल्यात जमा. मग युरेनियम फुटून थोरियम ठरल्या गतीनं साठत जातं. साठा मोजला की वय कळलं.

कांगेर खोऱ्यातच दंडक नावाची गुहा आहे. तिथला आणि ओडिशाकडच्या गुप्तेश्वराचा असा दगड अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या यादव आणि रमेश यांनी वाचला, 2005 साली त्याचा निबंध आला. मग आशिष सिन्हा आणि त्यांच्या सोबत्यांनी दंडकचा एक खांब घेऊन त्यातून इसवी सन 600 पासून 1500 पर्यंतचा, नऊशे वर्षांचा मान्सून काढला. तो 2007 साली छापून आला. आणि त्यात चौदाव्या-पंधराव्या शतकाशी पोचलं की दगड जड पाणी दाखवू लागतो, एक-दोन वर्षं नव्हे, दशकांच्या हिशेबानं. त्याच पट्ट्यात येतो 1396 ला सुरू झालेला काळ.

1396 म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या माणसांना वेगळं सांगावं लागायचं नाही. दुर्गादेवीचा दुष्काळ! बारा वर्षांचा म्हणतात तो. दामाजीपंतांनी मंगळवेढ्याची कोठारं लुटवली तो नव्हे, तो नंतरचा. दुर्गादेवीच्या दुष्काळात मुलूख ओस पडला, आणि ग्रँट डफनं मराठ्यांच्या इतिहासात लिहून ठेवलंय की गोदावरी-कृष्णेच्या मधल्या भागातून पुढं तीस वर्षांवर सरकारला वसूल असा नीट आला नाही. पुन्हा गावं वसवायला माणसं गेली तेव्हा जुन्या शिवा कुठल्या हे सांगणारंच कुणी उरलं नव्हतं, नव्यानं आखाव्या लागल्या. एवढं मोठं संकट, पण पाऊस नक्की किती हटला, किती वर्षं हटला, याचा कागद नाही. तो निघाला बस्तरातल्या अंधारात, थेंबाथेंबानं चढलेल्या चुन्यात. मला तर हे वाचून रात्री उशिरापर्यंत झोप आली नव्हती.

अभ्यासकांना यात एवढा रस का, तेही सांगतो. हवामान खातं सुरू झालं 1875 साली. देशभरच्या पावसाची धड मोजणी आपल्यापाशी आहे ती दीडशे वर्षांची. तेवढ्यात 1877 चा दुष्काळ आला, 1899 चा छप्पन्या आला, ज्यानं छत्तीसगढ भाजून काढलं, 1972 आलं, ते तुमच्या आज्जीला चांगलं आठवतं, सुकडी खाऊन काढलेलं. पण हे सगळे एक-दोन, फार तर तीन वर्षांचे फटके. दंडकचा दगड सांगतो त्या लांबीचा एकही नाही.

आता हे आपल्या धरणांशी जोडून बघा. धमतरीकडं 1923 साली माडमसिल्लीचं धरण पुरं झालं. त्याला सायफन आहेत, तळं काठोकाठ भरलं की पाणी आपलं आपण सुटतं, दार उघडायला माणूस लागत नाही. बघायला मोठी मौज वाटते. मग महानदीवर गंगरेल झालं, 1979 च्या सुमारास. उन्हाळ्यात खारून नदी आटली की गंगरेलचं पाणी कालव्यानं तिच्यात सोडतात आणि तेच रायपूरच्या नळांना येतं. गंगरेल बांधलं तेव्हा दंडकचा दगड कुणी कापलेला नव्हता; इंजिनिअरांपुढं हिशेबाला होता तो सरकारी मोजपात्रांतलाच पाऊस.