घोड्यांना लस, माणसांना संरक्षण

डासांमुळे पसरणारा रोग म्हटला की हिवताप व डेंगी डोळ्यांपुढे येतात आणि उपाय म्हणून फवारणी व साचलेल्या पाण्याचा निचरा आठवतो. माणसांत साथ पसरू नये म्हणून घोड्यांना लस टोचावयाची, ही कल्पना मात्र पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. अमेरिका खंडात हा उपाय फार मोठ्या प्रमाणावर योजण्यात आला. त्यामागील कारण समजून घेण्यासारखे आहे.

हा रोग म्हणजे व्हेनेझुएलातील अश्व-मेंदूज्वर. त्याचा विषाणू १९३८ मध्ये वेगळा करण्यात आला. रोगाची लागण झालेला घोडा तापाने फणफणतो, चारा सोडतो, झोकांड्या देत एकाच जागी गोल फिरतो आणि अनेकदा दगावतो. माणसांत मृत्यूचे प्रमाण अल्प असले, तरी लहान मुलांच्या मेंदूस त्यापासून अधिक धोका असतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. आजारी घोड्याच्या रक्तात या विषाणूंची वाढ इतकी प्रचंड होते, की त्याला चावलेले डास विषाणू घेऊनच उडतात व पुढे माणसांना चावतात. म्हणजे घोडा हा या रोगाचा केवळ बळी नसून साथीचे कोठारच होय. हे कोठार बंद केले की साथीचा जोर ओसरतो.

१९६९ मध्ये मध्य अमेरिकेत उद्भवलेली साथ मेक्सिकोमार्गे १९७१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या टेक्सास राज्यात पोहोचली. तेथे दीड हजारांच्या आसपास घोडे मरण पावले. शासनाने घोड्यांच्या वाहतुकीवर निर्बंध घातले, विमानांतून कीटकनाशक फवारले आणि १९ राज्यांत सुमारे २८ लाख घोड्यांना लस टोचली. वापरलेली 'टीसी-८३' ही लस मुळात सैन्यातील माणसांसाठी तयार करण्यात आली होती. १९४३ मध्ये त्रिनिदाद बेटावरील एका गाढवापासून मिळालेला विषाणू गिनीपिगच्या हृदयपेशींत ८३ वेळा वाढवून दुर्बल करण्यात आला होता. नावातील आकडा त्याचाच. साथ टेक्साससबाहेर पसरली नाही.

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्यापूर्वी अनेक देशांत फॉर्मालिनने विषाणू मारून केलेल्या लशी वापरल्या जात. निरनिराळ्या वर्षांच्या साथींतील विषाणूंची पुढे तुलना केली असता, ते लशीसाठी वापरलेल्या जुन्या विषाणूंशी विलक्षण जुळतात असे आढळले. काही लशींत विषाणू पूर्णपणे मेलेला नव्हता व त्यातूनच काही साथी उद्भवल्या असाव्यात, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. रोग रोखावयास निघालेल्या कुपीतूनच रोग बाहेर पडावा, यासारखे दुर्दैव ते कोणते! लशीची निर्मिती व तपासणी यांत हयगय का चालत नाही, हे यावरून उमजते.

साथ थांबली की लसीकरणाचा उत्साहही ओसरतो. १९९५ मध्ये अतिवृष्टीनंतर व्हेनेझुएला व कोलंबिया या देशांत हा रोग पुन्हा उसळला. त्या वेळी ७५ हजार ते एक लाख माणसांना त्याची लागण झाल्याचा अंदाज आहे.

डासांमुळे होणाऱ्या घोड्यांच्या प्रत्येक मेंदूज्वरास मात्र हा न्याय लागू पडत नाही. पश्चिम नाईल विषाणू अमेरिकेत १९९९ मध्ये न्यूयॉर्क परिसरात प्रथम आढळला आणि २००२ या एका वर्षात अमेरिकेतील चौदा हजारांहून अधिक घोडे त्याने आजारी पडले. लक्षणे दिसू लागलेल्या घोड्यांपैकी सुमारे एक तृतीयांश दगावतात. या रोगाचे कोठार पक्षी होत. घोड्याच्या रक्तात विषाणू इतका कमी असतो, की त्याच्यापासून डासाला लागण होत नाही. त्यामुळे २००१ मध्ये वापरात आलेली लस घोड्याचे स्वतःचे रक्षण करते, शेजारच्या माणसाचे नव्हे. डासांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी ती टोचून घ्यावी लागते.

आपल्या देशातील जपानी मेंदूज्वराची गोष्ट या दुसऱ्या प्रकारात मोडते. त्याचा विषाणू बगळ्यांत व डुकरांत वाढतो. घोडा व माणूस दोघेही त्याच्या वाटेचे शेवटचे टोक. म्हणूनच २००६ पासून जोखमीच्या जिल्ह्यांत जी लसीकरण मोहीम हाती घेण्यात आली, ती मुलांसाठी होती.